अहिल्याबाईंच्या शहरात भीक

२०२५ साली अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला ३०० वर्षे झाली. त्या निमित्ताने २० मे रोजी मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक भोपाळ सोडून आमच्या इंदूरच्या राजवाड्यात भरली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून या शहरात भीक घालणे हा गुन्हा ठरला होता. मागणे तर होतेच, पण देणेही, आणि भीक मागणाऱ्याकडून काही विकत घेणेही. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२३, म्हणजे वर्षभरापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी भीक मागताना दिसला तर कळवा, एक हजार रुपये बक्षीस घ्या, असेही प्रशासनाने जाहीर केले. जानेवारी संपायच्या आत मंदिरासमोर भीक घातली म्हणून एका अनोळखी वाहनचालकावर गुन्हा नोंदला गेला.

मी जन्माने रामबागेतला, बँकेत हयात काढलेला आणि आता सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनरांच्या कंपूतला. आमच्या कंपूत या आदेशाचे स्वागत झाले. चौकात गाडी थांबली की काचेवर टकटक नाही, खजराण्याच्या गणपतीला जाताना पदर पसरलेल्या बायकांची रांग नाही. सफाईत देशात पहिला नंबर काढणाऱ्या शहराला हे शोभणारच. कंपूतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तर गीतेचाच दाखला दिला. म्हणाले, अपात्राला दिलेले दान तामस असते, सतरावा अध्याय काढून पाहा. जोडीला त्यांच्याकडे बातमीही होती. राजवाड्याजवळ भीक मागणाऱ्या एका बाईला पथकाने पकडले तेव्हा तिच्याजवळ पाऊण लाखाच्या आसपास रोकड निघाली. "आता बोला!" असे म्हणून त्यांनी चहा मागवला.

बोलायला माझ्याकडे बरेच काही होते, पण चहाच्या टपरीवर इतके बोलता येत नाही. म्हणून लिहितो.

सतरावा अध्याय मीही काढून पाहिला. सात्त्विक दानाला योग्य जागा, योग्य वेळ आणि पात्र माणूस लागतो हे खरे. पण त्याच्याही आधी तिथे दोन अटी आहेत. द्यायचे ते कर्तव्य म्हणून द्यायचे, आणि जो परतफेड करू शकणार नाही त्याला द्यायचे. तामस दानाच्या खात्यात अपात्राला देणे आहे, त्याच दमात तुच्छतेने देणेही आहे. आमच्या कंपूला पहिले तोंडपाठ, दुसऱ्याची आठवण नाही. शिवाय पात्रतेची ती चौकशी कशासाठी होती, हेही पाहायला हवे. गाय, भूमी, सोने द्यायचे तर घेणारा विद्वान आहे का, आचाराने बरा आहे का, हे दाता तपासून घेई. पिढ्यान्पिढ्या पुरणारे उत्पन्न द्यायचे असले की चौकशी हवीच. मी बँकेत कर्जे मंजूर केली आहेत, मला तारण मागण्यात गैर वाटत नाही. पण अन्नाला हा नियम आपल्याकडे कुणी लावला नव्हता. वैश्वदेवात कावळ्याचा आणि कुत्र्याचा वाटा निघतो, तो त्यांचे चारित्र्य पाहून नव्हे. भुकेला आहे एवढीच त्याची लायकी, आणि तेवढी पुरे.

दहा रुपयांच्या नाण्यापाशी आपण न्यायाधीश होतो. हा पितो का, हिच्या मागे टोळी आहे का, हे मूल हिचेच का? देवळाच्या दानपेटीत पाचशेची नोट घालताना विश्वस्तांबद्दल यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही.

पाऊण लाखवालीचे काय? असेल. बातमी खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण बँकेत माझ्यासमोर बसून खोटे ताळेबंद देणारे कमी नव्हते, म्हणून कर्जखाते बंद केले नाही कुणी. एका बाईच्या गाठोड्यातल्या नोटा दाखवून सगळ्यांचे हात खाली करायला लावणे यात हिशेब नाही, सुटकेचा निःश्वास आहे. "बघा, त्यांना गरज नव्हतीच" हे ऐकायला आपण किती आतुर असतो!

माझे वडील भिक्षुकी करत. सत्यनारायण, वास्तुशांत, श्राद्धपक्ष. दक्षिणा आणि शिधा यांवर आमचे घर चालले. त्याआधी, पोरवयात, ते देवासहून इंदूरला शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्यांच्या सांगण्यात सोमवारच्या घरची बाई भातावर तूप वाढताना हात आखडत नसे. गुरुवारच्या घरी मोरीच्या कडेला पान मांडत आणि घरच्यांचे उरकल्यावर हाक मारत. त्या घराचे नाव त्यांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितले नाही, पण रामबागेतल्या एका गल्लीतून जाताना ते छत्री पुढे झुकवत, पाऊस असो वा नसो. मुंजीत बटूला झोळी देऊन भिक्षा मागायला लावतात तेव्हा सगळे कौतुकाने हसतात, फोटो काढतात. वडील त्या वेळी हसत नसत. त्या झोळीत काय काय पडते, हे त्यांना माहीत होते.

आमच्या जातीतल्या हाताला मंत्र येत होते म्हणून तो पुढे झाला तरी लोक वाकून देत. मंत्र न येणारा हात तसाच पुढे झाला तर काच वर. बुद्धाचे भिक्षू पात्र घेऊन दारोदार गेले, समर्थांनी दासबोधात भिक्षेवर अख्खा समास लिहिला, वासुदेव मोरपिसांची टोपी घालून सकाळी दारात उभा राहिला, आणि या साऱ्याला आपण परंपरा म्हणतो. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा मात्र गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा मिषाने घेतलेले पैसेही भीकच मानतो. म्हणजे वासुदेव, नंदीबैलवाला, डोंबारी, सगळे कायद्याने गुन्हेगार. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची त्यात सोय आहे, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्याची कलमे रद्द केली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे रस्त्यांवरून भिकारी हटवण्याची मागणी आली, तेव्हा न्यायमूर्तींनी असा उच्चभ्रू पवित्रा घेणार नाही, असे सांगून ती मानली नाही. लोक भीक मागतात ते दुसरा मार्ग नसतो म्हणून, असे न्यायालय म्हणाले. आमच्या प्राध्यापकांना हे सांगितले तर ते म्हणाले, न्यायमूर्ती सिग्नलला थांबत नाहीत.

आता पोह्यांची गोष्ट. आदेश निघाल्यानंतरच्या थंडीतली. राजवाड्याजवळच्या एका ठेल्यावर मी सकाळी पोहे-जलेबी घेत होतो. कडेला बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, अंगावर पुरुषी स्वेटर, पायांत दोन वेगळ्या चपला. तिने हात पुढे केला नाही. माझ्याकडे पाहत नुसती म्हणाली, "भिया, पैसे मत दो, पकड़ लेंगे. पोहे दिला दो." ठेलेवाल्याने झारा हवेतच थांबवला. "काका, देख लो. अपने को लफड़ा नी चिये." मी दोन प्लेटी घेतल्या आणि तिच्याशेजारी पायरीवर बसलो. दोघे मिळून खात असू तर ती भीक कशी, असा माझा बँकेतला हिशेब. तिने प्लेट पाहिली आणि ठेलेवाल्याला हुकूम सोडला की सेव काढ, दात नाहीत, जिरावनाचा मसाला घाल वरून. त्याने मुकाट्याने घातले. "और डाल!" पुन्हा घातले.

खाता खाता मी विचारले, राहतेस कुठे? एमवाय हॉस्पिटलच्या आवारात, म्हणाली. रैनबसेऱ्यात, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यात का नाही? तिथे गाठोडे राहत नाही, सकाळी उठवून बाहेर काढतात, आणि बायकांच्या खोलीला आतून कडी नाही. आधी काय करायचीस? बेलदारी. घमेली वाहिली उभा जन्म, आता गुडघे गेले. मूळची खरगोनकडची. मुलगा आहे, कुठे आहे ते सांगितले नाही, मीही विचारले नाही. पोहे संपले तशी तिने प्लेटला चिकटलेले जिरावन बोटाने पुसून घेतले, आणि शेजारच्या नळाकडे निघून गेली. आभार वगैरे नाहीत. मला ते आवडले. गुरुवारच्या घरी माझ्या वडिलांना दर वेळी आभार मानावे लागत असतील.

भीक घातली की पाहुणचार केला? कलम २२३ ला हे ठरवता यायचे नाही, आणि मला वाटते धर्मशास्त्रालाही जड जाईल. पण जिरावनाची ती फर्माईश मला पाठ झाली आहे. आपल्या दानाच्या कल्पनेत घेणाऱ्याला चव नसते. तो मिळेल ते घेतो, आणि आपले पुण्य तेवढे जमा होते. याचक म्हणजे आपल्या पुण्याच्या खात्यावरचा शिक्का! रानीपुऱ्यातले माझे एक जुने खातेदार, कापडाचे व्यापारी, जकातीचा हिशेब काढायला रमजानच्या आधी माझ्याकडे बसत. ते म्हणत, साहेब, यात मी कुणाला काही देत नाही, माझ्या गल्ल्यात त्याचा हिस्सा अडकला होता तो मोकळा करतो. कुराणात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा संपत्तीत हक्क सांगितला आहे, त्याला धरून ते बोलत. हक्क म्हटला की पात्रतेचा प्रश्नच उठत नाही. खातेदाराला त्याचे पैसे देताना तू ते कशावर उडवणार, असे कॅशियर विचारत नाही. आपल्याकडेही एकट्याने खाणारा पापच खातो, असे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. आपण ते सुभाषितांच्या वहीत ठेवले.

मग मी रोज नाणी वाटत फिरावे, असे माझे म्हणणे आहे का? नाही. हातात तान्हे मूल घेतलेल्या बाईला मी पैसे देत नाही, कारण ते मूल उद्या पुन्हा उन्हात येऊ नये असे मला वाटते. आणि प्रशासनाने केलेले सगळेच वाईट, असेही नाही. आदेशाच्या आधी समजावणीची मोहीम झाली, काही मुले शाळेत गेली, काही जणांना उज्जैनच्या आश्रमात नेऊन ठेवले. २०२५ च्या मे महिन्यात शहर भिकारीमुक्त झाल्याची घोषणाही झाली. चौकातली पोरे कमी झाली आहेत, हे माझ्याही डोळ्यांना दिसते. ज्याला काम हवे त्याला काम, ज्याला छप्पर हवे त्याला छप्पर, यावर नगर निगमाने जेवढे खर्चावे तेवढे थोडेच. भांडण देणाऱ्याचा हात धरण्याशी आहे. सरकारने मागणाऱ्याची गरज संपवावी. ती संपायच्या आत माझी करुणा बेकायदा ठरवण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

या शहराला ही घाई नवी नाही. जानेवारी २०२१ च्या थंडीत निगमाच्या कर्मचाऱ्यांनी फुटपाथवरच्या म्हाताऱ्या माणसांना डंपरमध्ये घातले आणि देवासच्या वाटेवर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवले. गाठोड्यांसकट. गावकरी आडवे आले, कुणी मोबाइलवर चित्रण केले, तेव्हा त्याच माणसांना पुन्हा त्याच गाडीत चढवले. देशभर छी-थू झाली, निलंबने झाली. दोन-तीन दिवसांनी चतुर्थी होती. तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी खजराण्याला जाऊन झाल्या प्रकाराबद्दल गणपतीची क्षमा मागितली.

मी श्रद्धाळू माणूस आहे, खजराण्याला माझाही नेम आहे. अधिकाऱ्याने मान खाली घालावी हे मला मोठेच वाटले, आजही वाटते. पण गणपती त्या डंपरमध्ये नव्हता. यहुदी धर्मात एक नियम आहे. देवाविरुद्ध केलेले पाप प्रायश्चित्ताच्या दिवशी देव माफ करतो, माणसाविरुद्ध केलेले मात्र त्या माणसाची समजूत काढल्याखेरीज माफ होत नाही. आपल्या प्रायश्चित्तांत गोमूत्र आहे, उपास आहे, ब्राह्मणभोजन आहे. ज्याला दुखावले त्याच्या दारात जाण्याची सक्ती कमी दिसते. देव मधे घातला की माणूस टाळता येतो. देवळाच्या पायरीवर भीक घालणारे आम्ही आणि देवळात क्षमा मागणारे ते, दोघांचेही व्यवहार वरच्या वर मिटतात. पायरीवरचा माणूस होता तिथेच राहतो, किंवा क्षिप्रेला जातो.

पायरीवर माणूस येतो कसा, हे इंदूरला तरी माहीत असायला हवे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी निघाला. बत्तीस वर्षांत कितीक जण ते पैसे न पाहताच गेले. पगार थांबला की आधी दागिना जातो, मग खोली. हात पुढे होतो तो सर्वांत शेवटी, आणि पुष्कळांचा तर होतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात बेघर माणसे १७ लाखांहून जास्त होती, आणि भिकारी म्हणून नोंदलेले सव्वाचार लाखांच्या आत. रस्त्यावर झोपणारे बहुतेक लोक कामे करतात. लग्नात आपल्याला वाढतात, हातगाडी ओढतात, भंगार वेचतात. सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकाने मिटली की ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू विकायला लागतात. तिथे मध्यरात्री भांडी घासणारी पोरे पहाटे त्याच ओट्यांवर आडवी होतात. त्यांना आपण बेघर म्हणत नाही, कारण त्यांनी काही मागितलेले नसते.

आणि अहिल्याबाई? राजवाड्यासमोरच्या बागेत त्यांचा पुतळा आहे. भाषणांत त्यांना पुण्यश्लोक, दानशूर म्हणतात. पण त्यांच्या दानाची तऱ्हा कुणी सांगत नाही. बद्रीनाथपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी धर्मशाळा, विहिरी, घाट, अन्नछत्रे उभी केली, आणि ती राज्याच्या तिजोरीतून नव्हे, खासगीच्या उत्पन्नातून. काशीला मणिकर्णिकेच्या पायऱ्या उतरणाऱ्याला महेश्वरच्या बाईपुढे हात पसरावा लागला नाही. धर्मशाळेत रात्र काढणाऱ्याने तिचे तोंड पाहिले नाही, तिने त्याचे पाहिले नाही, आणि तो पात्र आहे का हा प्रश्न दोघांच्या मधे आला नाही. माझ्या मते दानाची सर्वांत वरची पायरी ती. मागावे लागायच्या आधी तिथे असलेले. गाडगेबाबांनी हेच केले. स्वतः भाकरीचा तुकडा मागून गाडग्यात खाल्ला, आणि पंढरपूर, नाशिक, आळंदीला लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी घर नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. असाही एक भिकारी!

अहिल्याबाईंची त्रिशताब्दी करायचीच होती तर रैनबसेऱ्यांनी करायची होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोठ्या शहरांना लाखामागे एक निवारा, तोही चोवीस तास उघडा, असे सांगितले आहे. सकाळी उठवून बाहेर काढतात, असे ती म्हातारी म्हणाली ते या आदेशाशी ताडून पाहावे.

माझे म्हणणे दोन ओळींत मावते. देणाऱ्यावरचा गुन्हा पुन्हा कोणत्याही आदेशात येऊ नये. आणि निवारा असा असावा की खरगोनची ती म्हातारी स्वतःहून तिथे झोपायला जाईल.

हे होईपर्यंत रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगरच्या वाचकांनी एक करावे. आपल्याजवळचा रैनबसेरा कुठे आहे ते शोधून एकदा रात्री नऊनंतर तिथे जावे. बायकांची खोली वेगळी आहे का, तिला आतून कडी लागते का, गाठोडे ठेवायला कुलपाची जागा आहे का, दिवसा आत राहू देतात का, हे डोळ्यांनी पाहावे. जे नसेल ते आपल्या पार्षदाला लेखी कळवावे आणि अर्जावर पोच घ्यावी. जाताना जिरावनाची पुडी नेली तर हरकत नाही.